विंडोज १० किंवा ७ परत घालायचं का? आधी हे तपासा

तक्रार साधारण अशी येते. मशीन विंडोज १० वरून ११ वर गेलं, किंवा ७ काढून १० घातलं, आणि तेव्हापासून काही ना काही बिनसतंय. दुरुस्त केलं की थोडे दिवस बरं चालतं, मग अपडेट येतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शहापूरच्या छापखान्यात शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दिसेनासा होतो. खानापूर भागातल्या शाळेच्या ऑफिसात जुन्या दाखल्यांची अक्षरं भलतीच दिसायला लागतात. निपाणीच्या दुकानात टॅली उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. आणि शेवटी सगळ्यांची मागणी एकच: "आधीचंच विंडोज मारून द्या की, ते बरं होतं."

मागणी रास्त आहे. ज्या मशीनवर पोट चालतं ते आधी चालू राहायला हवं, नवं-जुनं नंतर. तरी पेनड्राइव्ह लावण्याआधी मी विचारतो की नेमकं काय अडलंय. बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत छापखान्यांची, शाळांची, पतसंस्था-सोसायट्यांची मशीन बघताना मला दिसतं ते हे, की बहुतेक वेळा एकच गोष्ट अडलेली असते: एखादा प्रिंटर, एखादा फॉन्ट, मरायला टेकलेली हार्डडिस्क. तेवढी सोडवली की मागे जायचं कारण उरत नाही. आणि जिथे जुन्या विंडोजशिवाय भागतच नाही, तिथे तेवढं एक काम मागे न्यावं, पैशाचे व्यवहार होणारं अख्खं मशीन मागे नेऊ नये.

मशीन हळू झालं असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कचा आकडा काही न करता १०० टक्क्यांवर चिकटून बसला असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल, तर पुढे शोधायची गरज नाही. विंडोज १० आणि ११ मागच्या बाजूला सतत काही ना काही वाचत-लिहीत असतात. फिरणाऱ्या डिस्कला ते झेपत नाही. विंडोज ७ त्याच डिस्कच्या काळातलं, म्हणून ते पळायचं. एसएसडी म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क बसवा, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्यावर घ्या. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. नव्या मशीनच्या मानाने हा खर्च फारच कमी, आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

नक्कल घेण्याआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात निळ्या 'गुड' ऐवजी पिवळा 'कॉशन' दिसला, तर डिस्कवरचे काही भाग खराब झालेत. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्ट्यात, वीज जाऊन-येऊन असते आणि यूपीएसची बॅटरी बऱ्याच ठिकाणी नावालाच असते. लिहिता लिहिता करंट गेला की डिस्क मार खाते. अशा डिस्कवर कुठलंही विंडोज घाला, ७ घाला नाहीतर ११, काही दिवसांत तीच रड परत येणार.

प्रिंटर सारखा तुटत असेल तर

एका मशीनला यूएसबीने लावलेला प्रिंटर दुसऱ्या मशीनवरून वापरताना एरर येतो, आणि त्या एररच्या शेवटी '११बी' किंवा '७०९' असतं. हा प्रकार २०२१ पासूनचा. त्या वर्षी विंडोजच्या छपाई यंत्रणेत सुरक्षेची बरीच भोकं सापडली, 'प्रिंटनाइटमेअर' हे त्यातलंच एक. ती बुजवताना मायक्रोसॉफ्टने दोन मशीनमधल्या छपाईच्या बोलण्याला जास्त कडक ओळख लावली. एक मशीन अपडेट झालेलं आणि दुसरं नाही, असं झालं की ओळख पटत नाही. म्हणजे एकच मशीन जुन्या विंडोजवर नेलं, तर हा घोळ वाढतोच.

प्रिंटरला लॅनचं तोंड असेल तर तो थेट राउटरला जोडा आणि प्रत्येक मशीनवर त्याच्या आयपी पत्त्याने घाला. मधलं मशीन बंद असलं तरी छपाई होईल. फक्त यूएसबी असेल तर ज्या मशीनवरून छापायचंय तिथे ड्रायव्हर स्वतंत्र घाला, आणि पोर्ट निवडताना 'लोकल पोर्ट' घेऊन त्यात प्रिंटर लावलेल्या मशीनचं नाव आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक आकडा शून्य करून हा एरर घालवायची युक्ती सगळीकडे सांगतात. ती चालते, पण बुजवलेलं भोक पुन्हा उघडं पडतं. सोसायटीच्या मशीनवर मी ती कधीच करणार नाही.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून आणखी एक बदल झालाय: पासवर्ड नसलेल्या पाहुण्या जोडण्या ते नाकारतं. फोल्डर किंवा प्रिंटर ज्या मशीनवर शेअर केलाय तिथे पासवर्ड असलेला एक यूजर तयार करा, आणि दुसऱ्या मशीनवरून जोडताना तेच नाव-पासवर्ड द्या.

अक्षरं बदलली असतील तर

इथे जरा थांबून लिहितो, कारण आपल्या भागात एकाच मशीनवर मराठीही लागते आणि कन्नडही. लग्नपत्रिका मराठीत, सरकारी कचेरीचा अर्ज कन्नडात. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा राज्याचा नियम, त्यामुळे फ्लेक्सवाल्याला दोन्ही लिप्या एकाच पाटीत बसवाव्या लागतात. अक्षरांचा घोळ झाला की धंदाच थांबतो, आणि विंडोज मागे न्यायची सर्वात जास्त घाई इथेच होते.

घोळ दोन तऱ्हेचे असतात, आणि उपाय अगदी वेगवेगळे.

पहिला: वर्डच्या फाइलमध्ये मराठी वाचता येते, फॉन्टच्या चौकटीत 'मंगल' असं नावही दिसतं, पण अक्षराचं वळण वेगळं, ओळी सरकलेल्या, एका पानाचा दाखला दीड पानावर गेलेला. याचा अर्थ मंगल त्या मशीनवर नाहीच. दुसराच फॉन्ट त्याच्या जागी उभा आहे. विंडोज ७ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह सोबतच यायचे. विंडोज १० पासून ते वेगळ्या ऐच्छिक गठ्ठ्यात गेले, आणि कन्नडचा तुंगाही तसाच. नव्याने विंडोज घातलं की हाताशी असतो तो निर्मला. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आणि 'कन्नडा सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडा, इंटरनेट चालू ठेवा. गठ्ठा उतरला की वर्ड बंद करून परत उघडा. दाखला पुन्हा एका पानात येतो. एवढ्या कामासाठी शाळेचं अख्खं मशीन फॉरमॅट झालेलं मी पाहिलंय, आणि त्यात जुन्या निकालपत्रकांच्या फाइली कायमच्या गेल्या.

दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आणि कन्नडसाठी नुडीचे जुने फॉन्ट. या फाइलींमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: काना एका कळीवर, वेलांटी दुसऱ्या, अर्धा 'स' तिसऱ्या. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसते, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. फाइल खराब झालेली नसते. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्ट काढून आणा.

पण आणल्यावर त्यावर नुसतं डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबू नका. २०१८ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून विंडोज १० असा फॉन्ट फक्त त्या यूजरच्या नावावर, वेगळ्या जागी ठेवतं. काही जुन्या प्रोग्रामना ती जागा माहीतच नाही. मग वर्डमध्ये फॉन्ट दिसतो आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रामच्या यादीत नाही, आणि माणूस चक्रावून जातो. फॉन्टवर राइट क्लिक करा, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स' मध्ये बघा.

पेजमेकर आणि डोंगल

खरी अडचण इथे आहे. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणारी आजची पद्धत, कळत नाही, म्हणून तो आणि जुने फॉन्ट ही जोडी सुटत नाही. गावोगावची साहित्य संमेलनं, मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, यांची कित्येक वर्षांची मूळ पानं आपल्या भागातल्या छापखान्यांत पेजमेकरमध्येच पडून आहेत. ती उघडता आली पाहिजेत. याबाबतीत जुन्या ऑपरेटरांचा आग्रह मला शंभर टक्के पटतो.

पेजमेकर ७ कित्येक नव्या मशीनवर चालतोसुद्धा. त्याच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी 'विंडोज एक्सपी' करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ला खूण करा. त्याहून जुन्या काळातल्या काही प्रोग्रामचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात, ते ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, ११ ची नाही.

डोंगल म्हणजे मशीनला लावल्याशिवाय प्रोग्राम किंवा फॉन्ट चालत नाहीत ती किल्ली; त्याचं दुखणं वेगळं. यूएसबीचा असेल तर बनवणाऱ्याकडे ६४ बिटचा, सही असलेला ड्रायव्हर मागा. ड्रायव्हर घालूनही डोंगल सापडत नसेल तर विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन' उघडा. जुना ड्रायव्हर 'मेमरी इंटिग्रिटी' या तिथल्या सुरक्षेच्या सोयीशी जुळत नसेल तर त्याचं नाव तिथे येतं. प्रिंटरच्या रुंद, समांतर पोर्टात बसणारा जुना डोंगल मात्र नव्या मशीनवर विसरा. यूएसबीवरून तो पोर्ट देणाऱ्या केबल प्रिंटरपुरत्या असतात, डोंगल त्यांवर ओळखला जात नाही.

११ वरून १० वर परत जायचं असेल तर

अपग्रेड होऊन दहा दिवस झाले नसतील तर सोपं आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, 'गो बॅक'. फाइली जागेवर राहतात, अपग्रेडनंतर घातलेले प्रोग्राम जातात. जुनं विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. जागा कमी पडते म्हणून ते फोल्डर कुणी साफ केलं, तर हा रस्ता बंद.

दहा दिवस उलटले असतील तर १० कोरं घालावं लागतं. मशीनवर आधी रीतसर १० होतं आणि आवृत्ती तीच घातली, होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो, तर ते इंटरनेट मिळताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. मदरबोर्डवरून त्याची ओळख पटते. सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मगच फॉरमॅट. नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद म्हणजे बिटलॉकरने बांधलेली असते; तिची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, हात घातल्यावर मशीन ती मागतं, आणि ती नसेल तर आतला डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही.

आता परत जाण्यात किती अर्थ आहे ते बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराच्या मशीनची नोंद केली तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. संस्थांना पैसे भरून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं घेता येते. ज्या मशीनवर ११ रीतसर चालतंय त्याला मागे नेऊन थोडी उसंत मिळेल, तेवढीच. ज्यांचं मशीन ११ च्या अटींतच बसत नाही, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, आणि कुणीतरी अटी चुकवून ११ बसवून दिलंय, त्यांनी १० वर येऊन नोंदणी करावी हे माझं स्पष्ट मत. ती नोंदणी संपल्यावर, काम ब्राउझर आणि टायपिंगपुरतं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घाला. मराठी आणि कन्नड दोन्हीचे इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेत.

७ वर परत जायचं असेल तर

इंटरनेटच्या मशीनवर नको. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती; फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्यांना विंडोज १० लागतं. बँकेचं आणि करभरण्याचं काम दर महिन्याला जास्तच अडत जाईल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हा त्याच्या तावडीत सापडलेली बहुतांश मशीन अपडेट न घातलेली विंडोज ७ ची होती, आणि त्या भोकाचं अपडेट तर दोन महिने आधीच आलं होतं. आता कुठलं भोक सापडलं तर अपडेट येणारच नाही.

नव्या लॅपटॉपवर ते धड बसतही नाही. इन्स्टॉलचा पहिला पडदा येतो, 'नेक्स्ट' समोर दिसतं, आणि माउस हलत नाही, कीबोर्ड दाबला जात नाही, कारण विंडोज ७ ला यूएसबी ३ ची ओळख नाही. ती अडचण काढली तर एनव्हीएमई म्हणजे नव्या पद्धतीची एसएसडी दिसत नाही. तीही काढली तर डिस्प्लेचा ड्रायव्हर मिळत नाही.

आणि 'सगळं अ‍ॅक्टिव्हेट केलेलं' तयार विंडोज पेनड्राइव्हवर घेऊन कुणी आलं तर त्याला नमस्कार करून परत पाठवा. त्यात आणखी काय घातलंय ते घालणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्यांच्या ठेवींचे आकडे ज्या मशीनवर आहेत तिथे हा धोका घ्यायचा आपल्याला हक्कच नाही.

मग जुनं काम करायचं कसं

जुनं मशीन धड असेल तर ते मोडीत काढू नका. पेजमेकर, डोंगल, जुने फॉन्ट त्यावर तसेच राहू द्या. लॅनची वायर काढा, वायफायचं कार्ड काढा. त्या मशीनसाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, आणि तो नव्या मशीनवर लावला की आधी तपासून घ्या. त्याच्या डिस्कची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवा. समांतर पोर्टचा डोंगल असेल तर हाच एक रस्ता आहे.

जुनं मशीन उरलं नसेल आणि डोंगल यूएसबीचा असेल, तर नव्या मशीनच्या आत जुनं मशीन उभं करता येतं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. तुमच्याकडच्या परवान्याचं ३२ बिट विंडोज ७ त्यात घाला, २ जीबी रॅम द्या, आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरची खूण काढून टाका. डोंगल यूएसबीच्या यादीतून आतल्या मशीनला जोडा. आत पेजमेकरचं पान करा, पीडीएफ काढा, शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणा, छपाई बाहेरच्या विंडोजवरून करा. फॉन्ट पीडीएफमध्ये बसलेले असतात, त्यामुळे अक्षर हलत नाही. सगळं नीट बसल्यावर स्नॅपशॉट घेऊन ठेवा. कधी बिघडलं तर त्या क्षणावर परत येता येतं.

सोबत जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला सुरुवात करा. जो पुन्हा पुन्हा लागतो तो आधी: पत्रिकांचे नमुने, पावतीचा मजकूर, संस्थेची नियमावली. बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. रफार एक अक्षर पुढे-मागे जातो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' हमखास बिघडतात. दऱ्या, कऱ्हाड, कुऱ्हाडे असे शब्द शोधून शोधून बघा. एखाद्याचं आडनाव चुकलेली पत्रिका घरोघरी वाटता येत नाही. सीमाभागातली मराठी छपाई टिकवून धरणारे ऑपरेटर आता थोडे उरलेत, आणि जुन्या पानांतली चूक त्यांच्याच नजरेला पटकन दिसते. हे काम ते आहेत तोवर करून घ्या.

जुनं घालूनही तीच तक्रार आली तर

मग विंडोजचा विषय संपला. स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रॅम तपासा. डिस्कची केबल बदलून बघा. मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तेही दुपारी सगळ्या दुकानांतले पंखे-मशीन चालू असताना, तर एसएमपीएस म्हणजे मशीनच्या आतला वीज पुरवणारा डबा आणि यूपीएसची बॅटरी बदलून बघा, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. गावठाणातल्या जुन्या घरांत अर्थिंगची वायर भिंतीत जाऊन कुठेच न पोहोचल्याचं मी बघितलंय.

त्यानंतरही अडलात आणि कुणाला विचारायचं असेल, तर नुसतं 'मशीन चालत नाही' कळवू नका. विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, डिस्क कुठली, प्रिंटरचं मॉडेल, आणि एररचा पूर्ण आकडा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. शेवटचं अपडेट कधी झालं ते सेटिंग्जमध्ये 'अपडेट हिस्टरी' ला तारखेसकट दिसतं. तक्रार सुरू झाल्याची तारीख त्याच्याशी जुळते का, तेही सोबत लिहा.